तोंडीकाम सुरू झालं की वर्ग का बिघडतो?

पाचवीत ४० मुलं आहेत. प्रत्येकाचं वाचन दोन मिनिटं ऐकायचं ठरवलं तरी ८० मिनिटं गेली, म्हणजे सरळ दोन तासिका. एक मूल वाचतंय आणि ३९ रिकामी बसली आहेत. गोंगाट इथून सुरू होतो आणि बोल मात्र मुलांना बसतो. वर्ग बेशिस्त नसतो, त्याच्या हाताला काम नसतं.

महाराष्ट्रात २०१० मध्ये पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. त्यात पहिली-दुसरीत आकारिकला, म्हणजे रोजच्या वर्गकामातून होणाऱ्या मूल्यमापनाला, ७० गुण ठेवले आणि संकलितला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला, ३०. सातवी-आठवीत हेच प्रमाण ४० आणि ६०. म्हणजे लहान वर्गांत गुणांचा मोठा वाटा रोजच्या तासिकेतून यायचा आहे. तो सत्राच्या शेवटच्या आठवड्यात कोंबला की वर्गही हातचा जातो आणि गुणही अंदाजपंचे पडतात.

म्हणून रोज पाचच मुलं घ्या. तासिकेची पहिली दहा मिनिटं पुरतात आणि आठ दिवसांत वर्ग पूर्ण होतो. बाकीच्यांचं काम फळ्यावर आधीच लिहिलेलं हवं, तोंडी सांगितलेलं नको, नाहीतर दर मिनिटाला कुणीतरी "बाई, पुढे काय?" म्हणत येतं. लवकर संपवणाऱ्यांसाठी खाली दुसरं काम लिहून ठेवा, 'याच धड्यावर दोन प्रश्न तयार करा' असं काहीतरी. वाचणाऱ्या मुलाला टेबलाजवळ घ्या, पण तुमची पाठ भिंतीकडे आणि नजर वर्गावर हवी. मागे कुणी बोलत असेल तर जागेवरून ओरडू नका. वाचणारं मूल दचकतं, ओळ चुकतं आणि त्याची नोंद उगाच खाली येते. वाचन संपू द्या, मग उठून त्या बाकापाशी जा.

दंगा केला म्हणून चाचणीतले गुण कापणं ही फार जुनी खोड आहे, आणि ती मोडायलाच हवी. गणितात ब-२ श्रेणी मिळालेल्या मुलाला अपूर्णांक येत नाहीत की ते शेजाऱ्याशी बोलत होतं, हे मग पुढच्या वर्गाच्या शिक्षकांना कळणार कसं? वर्तनाची जागा वर्णनात्मक नोंदीत, म्हणजे शिक्षक मुलाबद्दल शब्दांत लिहितात त्या टिपणात आहे. छडी आणि अपमान तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नेच बंद केले आहेत.

नोंदीत मात्र 'खोडकर आहे', 'लक्ष देत नाही' असले तयार शिक्के नकोत. दिसलं तेवढंच लिहा: तारीख, तासिका, आधी काय चाललं होतं, मुलानं काय केलं, तुम्ही काय केलंत आणि त्यानंतर काय झालं. उदाहरणार्थ, 'मराठी, चौथी तासिका. प्रकट वाचनाची पाळी जवळ आली तेव्हा पाणी प्यायला जायचं म्हणून उठला. जाऊ दिलं, पाळी संपल्यावर परतला.' अशा तीन-चार नोंदी शेजारी ठेवल्या की बहुतेकदा धागा सापडतो. प्रत्येक वेळी वाचनाची पाळी असेल तर आधी त्याला एकट्याला जवळ घेऊन पहिलीच्या पुस्तकातला सोपा उतारा वाचायला द्या. जोडाक्षरांवर अडतो का, काना-मात्रांवर अडतो का, की अजून अक्षरंच नीट ओळखत नाही, ते पाहा आणि अडतो तिथून शिकवायला घ्या. तोवर त्याला वर्गासमोर वाचायला उभं करू नका.