जाफर गेटचा बाजार, लोह्याचे मामा अन् शेफिल्डचं पातं

जुनी सुतारी अवजारं शोधायची तर रविवारी संभाजीनगरला जाफर गेटच्या बाजारात लवकर जायला पाहिजे, ऊन चढलं की चांगला माल उचलला गेलेला असतो. जुने कुलर, सायकली, दारं-चौकटी ओलांडून पुढं गेलो की जमिनीवर पोतं टाकून बसलेले अवजारवाले दिसतात, आणि पोत्यावर लाकूड कोरायच्या पटाश्या, गुळगुळीत करायचे रंधे, भोकं पाडायची गिरमिटं, काटकोन बघायच्या गुण्या, सगळं एकाच ढिगात.

नवीन माणूस गंज बघून माघारी फिरतो. फिरू नका. वरचा लाल गंज निघतो हो, पण पात्याच्या सपाट पाठीवर, अगदी धारेजवळ, खोल खड्डे असतील तर ते पातं ठेवून द्या, कारण धार म्हणजे दोन बाजू जिथं मिळतात ती रेघ आणि एका बाजूला खड्डे असले की ती रेघ तुटकच येणार, कितीही घासा. निळं पडलेलं पातंही नको, कुणीतरी ते ग्राइंडरवर जाळलेलं असतं, साधारण 300 अंशाला पोलाद निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. लोखंडी रंध्याचं अंग बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, पडलं की तडकतं, म्हणून पातं बाहेर येतं त्या तोंडाच्या कडांवरून बोट फिरवून बघायचं. मी दोन पटाश्या आणि एक 4 नंबरचा रंधा घेतला. हे नंबर स्टॅनली या अमेरिकन अवजार कंपनीचे, पुढं सगळ्यांनीच चालवले, 4 नंबर म्हणजे लांबी साधारण नऊ-साडेनऊ इंच आणि पातं 2 इंची.

तिथून मराठवाडा एक्सप्रेसनं नांदेड गाठलं, सकाळी एसटीनं लोहा. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला हा रस्ता माणसांनी अन् जनावरांनी भरलेला असतो, मी गेलो तेव्हा मोकळा होता. लोह्याजवळच्या गावात एका जुन्या सुतारमामांचा पत्ता मित्रानं दिला होता. मामांची उमर बाभळीच्या बैलगाड्या, तिफणी, वखर करण्यात गेली. ट्रॅक्टर आले, लोखंडी पेरणीयंत्रं आली अन् पेटी बंद झाली. आपल्याकडं भंगारात इतकी चांगली सुतारी अवजारं येतात त्यामागं हे मोठं कारण आहे, आणि ते मनाला फार लागतं, कारण अवजारं अजून कामाची आहेत, कामच गावातून गेलं.

मामांनी पेटीतून लाकडी रंधा काढला. पातं धरून ठेवणारी पाचर ठोकून सैल केली, पातं बाहेर आलं, पुसलं तर शिक्का, शेफिल्ड, म्हणजे इंग्लंडातलं पोलादाचं शहर, आणि खाली कास्ट स्टील. हे बीड नव्हे, मुशीत वितळवून ओतलेलं पोलाद, 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समननं तिथं सुरू केलेली पद्धत. मी पैसे विचारले तर मामा म्हणाले, "पैशाचं बगू नंतर. आधी सांगा, चालवनार का खुंटीला टांगनार?" चालवणार म्हणालो. मग बसवून घेऊन पाचर किती ठोकायची, पातं किती बाहेर ठेवायचं, हे त्यांनी बाभळीच्या फळीवर दाखवलं, आणि खरं सांगतो, ते तासभर शिकणं पात्याहून मोलाचं होतं.

घरी आल्यावर लिंबूसत्वाच्या पाण्यात पाती रात्रभर बुडवली, सकाळी ब्रश मारला, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुतली, लगेच कोरडी करून तेल लावलं, नाहीतर तासाभरात परत गंज धरतो. मग काचेवर पॉलिश पेपर चिकटवून आधी पाठ सपाट, नंतर 25 अंशाचा उतार आणि टोकाला 30 अंशाची बारीक धार. शेफिल्डच्या पात्याच्या उतारावर घासताना दोन रंग उमटले, मऊ लोखंडावर कडक पोलादाचा पातळ थर जोडलेला, जुन्या पात्यांत असं सापडतं. लाकडी अंगाला मात्र पॉलिश पेपर लावला नाही. मामांच्या हातानं झिजलेली जागा तशीच ठेवून फक्त जवसाचं तेल दिलं.

आता करवत शोधतोय. दात झिजलेले चालतील, तिकोनी कानशीनं नवे करता येतात, फक्त पत्रा सरळ पाहिजे. परभणी-हिंगोलीकडं कुणा सुताराची पेटी अशीच बंद पडलेली माहीत असेल तर नक्की कळवा, मी येतो.