ऑस्ट्रेलिया कप आणि पुसलेली नावे

ऑस्ट्रेलियातील फुटबॉलची राष्ट्रीय बाद स्पर्धा २०१४ मध्ये एफएफए (फुटबॉल फेडरेशन ऑस्ट्रेलिया) कप म्हणून सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिचे नामकरण ऑस्ट्रेलिया कप असे झाले. हे नाव मुळात जुने आहे. १९६२ ते १९६८ या काळात त्याच नावाची स्पर्धा तेथे होत असे आणि तिच्या विजेत्यांची यादी मला विलक्षण बोलकी वाटते : युगोस्लाव्हांचा युगाल, चेक मंडळींचा स्लाव्हिया, माल्टीजांचा जॉर्ज क्रॉस, इटालियनांचा अपिया लाइकहार्ट, मेलबर्न हंगारिया आणि दोनदा जिंकलेला सिडनीच्या ज्यू समाजाचा हाकोआ. सातही वेळा चषक स्थलांतरितांच्या क्लबाकडेच गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आलेल्या या लोकांसाठी क्लब म्हणजे केवळ अकरा खेळाडू नव्हते. मातृभाषेत चार शब्द बोलण्याचे आणि ओळखीपाळखीतून काम मिळवण्याचे ते ठिकाण होते. १९७७ ते २००४ या काळातील राष्ट्रीय लीगही बव्हंशी याच क्लबांच्या बळावर उभी होती. ऑस्ट्रेलियाचा नामवंत आघाडीवीर मार्क व्हिडुका क्रोएशियनांच्या मेलबर्न नाइट्समधून पुढे आला, तर पुढे राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झालेला अँज पोस्टेकोग्लू ग्रीकांच्या साउथ मेलबर्नचा कर्णधार आणि नंतर प्रशिक्षक झाला. तरीही अशा नावांमुळे सर्वसामान्य प्रेक्षक दुरावतो, असा प्रशासकांचा ग्रह होता. त्यामुळे नव्वदच्या दशकात वांशिक नावे आणि चिन्हे हटवण्याचा आग्रह धरला गेला, आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या ए-लीग या नव्या राष्ट्रीय व्यावसायिक लीगमध्ये या जुन्या क्लबांना जागाच उरली नाही. तेथे बढती-घसरणीची पद्धत नसल्याने मैदानावर कितीही पराक्रम गाजवला तरी वरचा दरवाजा बंदच.

म्हणूनच या चषकाचे मोल मला फार वाटते. सोडतीत छोट्या क्लबाशी गाठ पडली की ए-लीगच्या संघालाही उपनगरातल्या छोट्या मैदानावर जावे लागते. पहिल्याच वर्षी इटालियनांनी स्थापन केलेल्या अ‍ॅडलेड सिटीने ए-लीगमधल्या वेस्टर्न सिडनी वाँडरर्सला १-० असे हरवले, आणि हेच वाँडरर्स काही महिन्यांनी आशियाचे विजेते ठरले. गंमत अशी की, नव्या क्लबांना वांशिक ओळख मिरवण्यास मनाई करणारे राष्ट्रीय धोरणही त्याच २०१४ सालचे. या धोरणाचा आधार घेऊन नाइट्सना चषकाच्या सामन्यात 'मेलबर्न क्रोएशिया' या प्रायोजकाचे नाव जर्सीवर घालू दिले गेले नाही. एकीकडे छोट्या क्लबांच्या गोष्टी सांगून स्पर्धा लोकप्रिय करायची आणि दुसरीकडे त्या गोष्टीतले मुख्य विशेषनाम झाकायचे, हा दुटप्पीपणाच होता. २०१९ मध्ये ते धोरण मागे घेण्यात आले.

अर्थात, या क्लबांविषयी सरसकट हळवे होणेही मला पटत नाही. २०२२ मध्ये क्रोएशियनांचा क्लब सिडनी युनायटेड ५८ ए-लीगमधल्या ब्रिस्बेन रोअरला हरवून अंतिम सामन्यात पोहोचला. ए-लीगबाहेरच्या क्लबाने अंतिम फेरी गाठण्याची ती पहिलीच वेळ. मकार्थरविरुद्धचा तो सामना त्याने २-० असा गमावला, पण स्मरणात राहिले ते त्याच्या काही समर्थकांनी केलेले नाझी सलाम. त्यावर झालेली कारवाई योग्यच होती.

२०२५ मध्ये ग्रीकांनी १९५८ साली स्थापन केलेला हायडलबर्ग युनायटेड अंतिम फेरीत पोहोचला आणि ए-लीगमधल्या न्यूकॅसल जेट्सकडून जादा वेळेत हरला. त्याच वर्षी अशा क्लबांसाठी ऑस्ट्रेलियन चॅम्पियनशिप ही दुय्यम राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, मात्र ती जिंकली तरी ए-लीगमध्ये प्रवेश मिळत नाही.