घरच्या लोहारकामासाठी गॅसची भट्टी निवडताना

गॅसवर चालणारी छोटी भट्टी घेऊन घरच्या अंगणात लोखंड घडवायला शिकावे, अशी हौस अलीकडे सांगली-मिरजेतल्या काही नोकरदार माणसांना लागली आहे आणि मीही त्यांच्यापैकीच एक आहे. भट्टीविषयी विचारायला येणारा माणूस बहुतेक वेळा सुरुवात बर्नरपासून करतो: एक घ्यावा की दोन, ज्वाला किती लांब निघते, सळई किती मिनिटांत लाल होते. हे प्रश्न गैर नाहीत, पण ते नंतरचे आहेत. आपण काय घडवणार, त्यासाठी भट्टीच्या पोटात किती जागा लागेल, ती जागा तापवायला किती गॅस लागेल आणि तो आपल्याला कायद्याने व पुरेशा दाबाने मिळेल का, या क्रमाने विचार केला तर बर्नरची संख्या आपोआप ठरते. आणि नवशिक्यासाठी ती जवळजवळ नेहमी एकच ठरते.

कोळसा की गॅस हा वाद मी थोडक्यात आटोपतो. ऊसतोडीचे कोयते, विळे आणि खुरपी घडवणारे आपल्या भागातले अनेक लोहार आजही कोळशावर काम करतात आणि त्याला कारण आहे. निखाऱ्यात हवी तेवढीच चार बोटे जागा तापवता येते, भट्टीला ठरावीक तोंड नसल्याने वाकडीतिकडी वस्तूही आगीत ठेवता येते आणि भात्याचा वारा कमी-जास्त करून आग हवी तशी राखता येते. मात्र ही आग राखण्याची विद्या अंगी मुरायला वर्षे जातात, आणि तोवर शिकणाऱ्याचे निम्मे लक्ष ऐरणीवर व निम्मे निखाऱ्यांवर राहते. जरा दुर्लक्ष झाले की पात्याचे टोक ठिणग्या उडवत जळून जाते. गॅसच्या भट्टीत ताव, म्हणजे लोखंडाला चढणारी उष्णता, सगळीकडे सारखा येतो, राख-कीट काढावी लागत नाही आणि शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसत नाही. सांगलीच्या विश्रामबागेसारख्या दाट वस्तीत हा शेवटचा मुद्दा बाकीच्या सगळ्यांवर मात करतो.

परदेशी चित्रफितींमध्ये ज्या भट्ट्या दिसतात त्या प्रोपेनवर चालतात. आपल्याला सिलिंडरमधून मिळतो तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. ज्वालेच्या उष्णतेत त्यामुळे काही कमी पडत नाही, कारण हवेत नीट मिसळले तर दोन्ही वायूंची ज्वाला १,९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते आणि साधे पोलाद घडवायला भट्टीत १,१०० ते १,२०० अंश पुरतात. फरक पडतो तो दाबात. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, तर ब्युटेन शून्याच्या किंचित खाली. त्यामुळे ३० अंशांच्या हवेत बंद टाकीतला शुद्ध प्रोपेन सुमारे १० बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेइतका दाब) दाब देतो, तर शुद्ध ब्युटेन ३ बारही देत नाही. आपल्या मिश्रणाचा दाब या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो आणि सांगलीची हवा उबदार असल्याने भरलेल्या सिलिंडरवर भट्टी उत्तम चालते. पण द्रवाचा वायू होताना लागणारी उष्णता सिलिंडरच्या पत्र्यातून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते. गॅस वेगाने ओढला की सिलिंडर गार पडतो, त्यावर आधी दव आणि मग कधी कधी बर्फही दिसू लागतो, दाब उतरतो आणि भट्टीचा ताव मंदावतो. त्यातच प्रोपेन आधी निघून जातो व तळाशी ब्युटेनचे प्रमाण वाढत जाते, म्हणून सिलिंडर संपत आला की हा त्रास अधिक जाणवतो. अशा वेळी सिलिंडरला शेगडीची धग देणे किंवा तो भट्टीजवळ सरकवणे हा जिवावरचा खेळ आहे. उपाय एकच, मोठा सिलिंडर आणि लहान भट्टी.

मोठा म्हणजे कोणता, हे कायद्यानेही ठरते. स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा सिलिंडर घरगुती वापरासाठी दिलेला असतो आणि २००० सालच्या एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेशानुसार तो दुसऱ्या कामाला लावता येत नाही. हौसेचे काम आहे, धंदा नाही, असे म्हणून सुटका होत नाही. आपल्यापुढे दोन वाटा उरतात, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर किंवा बाजारभावाने मिळणारा ५ किलोचा छोटा. छोटा मिळवायला सोपा असला तरी त्याचा पृष्ठभाग लहान असल्याने वर सांगितलेला गारठा त्यात लवकर येतो. पाऊण इंची नळीचा एक बर्नर मध्यम दाबाला तासाला साधारण अर्धा ते एक किलो गॅस खातो. हे गणित धरले तर १९ किलोचा सिलिंडर २० ते ३५ तास पुरतो आणि ५ किलोचा दोन-तीन बैठकींत संपतो. दोन बर्नरची भट्टी घेतली की हे सारे आकडे निम्म्यावर येतात. वितरकाकडे व्यावसायिक जोडणीची चौकशी करून तिची कागदपत्रे आधी जुळवावीत आणि मगच भट्टीच्या दुकानात पाऊल टाकावे, असे मी आग्रहाने सांगेन.

घरगुती रेग्युलेटर भट्टीच्या कामाचा नाही. तो सुमारे ३० मिलिबार दाबाने गॅस सोडतो, तर हवा स्वतः ओढून घेणाऱ्या भट्टीच्या बर्नरला ०.३ ते १ बार दाब लागतो, म्हणजे किमान दहापट. त्यासाठी दाब कमी-जास्त करता येणारा, काट्याने दाब दाखवणारा उच्च दाबाचा एलपीजी रेग्युलेटर आणि त्याच दाबासाठी बनवलेली, आत तारेची जाळी असलेली नळी घ्यावी. स्वयंपाकघरातली नारिंगी नळी येथे चालणार नाही. बर्नरजवळ वेगळा बंद-चालू कॉक असावा आणि प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का हे प्रत्येक वेळी पाहावे. पैसे वाचवायचेच असतील तर ते भट्टीच्या पेटीत वाचवावेत. रेग्युलेटर आणि नळी यांत काटकसर करू नये.

बर्नर दोन प्रकारचे मिळतात. एका प्रकारात गॅसची बारीक, वेगवान धार नळीत सुटते आणि जाताना भोवतालची हवा आपल्याबरोबर ओढून नेते. ही धार ज्या छिद्रातून सुटते ते जेमतेम ०.६ ते ०.९ मिलिमीटरचे असते, आणि मिग वेल्डिंग यंत्राची तार ज्या बारीक छिद्राच्या टोकातून बाहेर येते ते टोक (टिप) त्या जागी वापरण्याची पद्धत सर्रास आहे. दुसऱ्या प्रकारात हवा विजेच्या ब्लोअरने दिली जाते. ब्लोअरचा बर्नर कमी दाबावरही चालतो, मोठी भट्टी सहज तापवतो आणि त्याचे मिश्रण बारकाईने जुळवता येते, म्हणून अनुभवी माणसे त्याची बाजू घेतात. परंतु आपल्याकडे वीज न सांगता जाते. वीज गेली की हवा थांबते आणि गॅस मात्र येतच राहतो. तो तापलेल्या भट्टीतून पिवळ्या लोळाच्या रूपाने बाहेर पडतो किंवा ब्लोअरच्या नळीत मागे शिरतो. वीज जाताच गॅस बंद करणारी झडप बसवली तर हा धोका टळतो, पण पहिल्याच भट्टीत इतकी गुंतागुंत कशाला? महावितरणचा लहरीपणा लक्षात घेता नवशिक्याने हवा स्वतः ओढणारा बर्नरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. घेताना मात्र हवेचे तोंड कमी-जास्त करण्याची सोय आहे ना, हे पाहावे. हवा कमी पडली तर भट्टीच्या तोंडातून लांब पिवळी जीभ निघते, गॅस वाया जातो आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हवा जास्त झाली तर पोलादावर जाड काळी खपली धरते आणि प्रत्येक तावाला धातू झिजतो. तोंडाशी थोडीशीच मऊ ज्वाला राहावी, इतपत जुळणी साधली की काम भागते.

आता पोटाच्या आकारमानाविषयी. पाऊण इंची एका बर्नरला सुमारे साडेपाच लिटर पोकळी घडकामाच्या तावापर्यंत नेता येते, असा हौशी लोहारांमध्ये रूढ असलेला ठोकताळा आहे आणि तो बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे. आतून १५ सेंटिमीटर व्यासाची आणि ३० सेंटिमीटर लांबीची गोल पोकळी ५.३ लिटरची होते. पहिल्या भट्टीसाठी याहून मोठे काही लागत नाही, उलट याहून लहान चालते. विक्रेते मोठी पेटी दाखवून भुलवतात, कारण मोठी वस्तू मोलाची वाटते. पण हातोड्याखाली एका तावात, म्हणजे एकदा तापवून काढल्यावर, जेमतेम १० ते १५ सेंटिमीटर लांबी घडवता येते. उरलेली लांबी नुसती तापून खपली धरत राहते आणि आपण तिच्यासाठी गॅस जाळत राहतो.

लांबीपेक्षा तोंडाचा विचार अधिक करावा लागतो आणि येथेच आपण काय घडवणार हा प्रश्न कामाला येतो. आकडे, छिन्नी, खिळे, सुरीची पाती अशा सरळ वस्तू करायच्या असतील तर गोल बोगद्यासारखी भट्टी योग्य. फक्त तिच्या मागच्या बाजूला लहान तोंड असावे, म्हणजे लांब सळई मधोमध तापवता येते, आणि ते तोंड एरवी विटेने झाकता यावे. विळ्याची गोष्ट वेगळी आहे. सरळ पट्टी बोगद्यात सहज जाते, पण एकदा तिला बाक दिला की ती पुन्हा आत शिरत नाही आणि नेमका धारेचा शेवटचा हात फिरवताना काम अडते. कोयत्याचे रुंद पातेही अरुंद तोंडात अडकते. ज्यांना शेतीची अवजारे करायची आहेत त्यांनी चौकोनी पेटीची, समोरचे तोंड रुंद पण बुटके असलेली भट्टी पाहावी आणि सुट्या विटा मागे-पुढे सरकवून ते तोंड लहान-मोठे करता येईल याची खात्री करून घ्यावी.

अस्तराकडे सर्वात कमी लोक पाहतात आणि भट्टीचे बरेवाईट तर तेथेच ठरते. स्वस्त भट्ट्यांमध्ये पांढऱ्या सिरॅमिक लोकरीचा एक थर उघडाच बसवलेला असतो. ही लोकर उष्णता उत्तम अडवते, १,२६० अंशांच्या प्रतीची लोकर सर्वत्र मिळते, पण उघड्या लोकरीचे सूक्ष्म तंतू ज्वालेच्या झोताने सुटून हवेत मिसळतात. हे तंतू फुफ्फुसात जाणे घातक आहे; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवले आहेत, आणि दीर्घकाळ तापल्यावर या लोकरीत स्फटिकरूप सिलिका तयार होते, ती आणखी वाईट. म्हणून २५ मिलिमीटरचे दोन थर, त्यांवर कोलॉइडल सिलिकाचा (पाण्यात मिसळलेल्या सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचा) फवारा मारून आलेला कडकपणा आणि वरून उष्णतारोधक लेपाचा पातळ थर, इतके असल्याशिवाय भट्टी पेटवू नये. कापताना व बसवताना चांगल्या प्रतीचा मास्क लावावा आणि लोकर आधी ओलसर करून घ्यावी. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने असल्याने लोकर, लेप आणि विटा यांचा माल येथे माहितीचा आहे. तुकडे मागितले तर कारखान्याकडून उरलेलेही मिळतात. तळाला मात्र लोकर नको, तेथे कठीण अग्निवीट हवी, कारण सळई टेकून टेकून लेप फुटतो आणि पुढे पोलादाला पोलाद जोडताना टाकणखार (बोरॅक्स) वापरला की तो वितळून लोकरीला अक्षरशः भोक पाडतो.

पेटी स्वतः बनवायची असेल तर साध्या काळ्या पत्र्याची किंवा जाड नळाच्या तुकड्याची बनवावी. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वा पाइप तापला की त्याचा धूर अंगाला बाधतो, ताप आणि थंडी भरते. जुना गॅस सिलिंडर कापून पेटी करण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिसतो. रिकाम्या वाटणाऱ्या सिलिंडरात वायू उरलेला असतो, कापताना त्याचा स्फोट होऊ शकतो, शिवाय तो सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो. भंगारात दहा इंची नळाचा तुकडा मिळत असताना हा उपद्व्याप करण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

जागा उघडी हवी. पत्र्याची शेड असेल तर किमान दोन बाजूंनी मोकळी असावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो खाली, गटारात किंवा तळघरात साचतो. म्हणून तळमजल्याच्या बंद पार्किंगमध्ये भट्टी लावू नये. पेटवताना आधी भट्टीत जळता कागद ठेवावा आणि मग गॅस सोडावा. विझवताना आधी सिलिंडर बंद करावा, नळीतला गॅस जळून जाऊ द्यावा आणि मग कॉक फिरवावा.

नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी ज्या घरांत शिरले, तेथे पावसाळ्यात सिलिंडर खाली ठेवू नये, कारण तो पाण्यावर तरंगतो आणि वाहून जाताना त्याची झडप कशावरही आपटू शकते. पूर नसला तरी आषाढ-श्रावणातल्या दमट हवेने भट्टीचा लेप आणि विटा पाणी धरतात. अशी भट्टी एकदम पूर्ण दाबावर नेली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन लेपाचे पापुद्रे निघतात, विटा तडकतात. दिवाळीच्या सुमारास काम पुन्हा सुरू करताना आधी अगदी कमी दाबावर काही मिनिटे पेटवून विझवावी, गार होऊ द्यावी, आणि हेच दोन-तीनदा करावे. त्यानंतरच रेग्युलेटरचा काटा वर न्यावा.