पावसाळ्यात बोटीच्या केबिनला बुरशी लागू नये म्हणून आम्ही काय काय करतो

मासेमारी बंदी 1 जूनला लागते आणि 31 जुलैला संपते, या 61 दिवसांत बोट शाकारून ठेवलेली असते आणि बऱ्याच जणांना वाटतं की वरून पाणी आत गेलं नाही म्हणजे झालं काम. आमच्या मुंबईतल्या वेसाव्याला (वर्सोवा) दरवर्षी कोणी ना कोणी नवीकोरी ताडपत्री आणतो, चारी बाजूंनी दोरी आवळून बोटीचं पार पार्सल करून टाकतो, आणि बंदी उठल्यावर दार उघडतो तर आत पाण्याचा एक थेंब नाही पण गाद्यांवर, फळ्यांवर, लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांवर काळी-हिरवी बुरशी. वास तर पुढे कित्येक दिवस जात नाही, खलाशी कटकट करतात आणि बरोबरच आहे त्यांचं, झोपायचं त्यांना असतं तिथे.

मी नोकरीवाला, बोट बाबा आणि दादा बघतात, पण आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या तयारीच्या, कामात केबिन माझ्या वाट्याला येते. यूट्यूबवर शोधलं तर सगळे विलायतेतले लोक, हिवाळ्यात बोट बंद ठेवणारे. ते सांगतात झडपा उघड्या ठेवा, छोटा हीटर लावा. त्यांच्याकडे ते चालतं कारण थंड हवेत मुळात पाणीच कमी मावतं, ती आत येऊन जरा तापली की कोरडी होते. आपल्याकडे जुलैत बाहेरचीच हवा ओलीचिंब, ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं) 24-25 डिग्रीला असतो, ती आत घेऊन काय सुकणार? पण म्हणून सगळं बंद करावं तर त्याहून वाईट. जरा ऊन पडलं की ताडपत्रीखाली भट्टी होते, लाकडातला ओलावा हवेत येतो, मग सर आली की ताडपत्री गार पडते आणि तेच पाणी आतल्या बाजूला थेंब धरून खाली गळतं. म्हणजे पाऊस बाहेर आणि आतही पाऊस.

माझ्या मते मात्र खरं दुखणं मीठ आहे. हे कोणी फार बोलत नाही. वर्षभर खारं पाणी उडून उडून केबिनमधल्या प्रत्येक वस्तूत मीठ बसलेलं असतं, आणि हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढायला लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्यामुळे खारट राहिलेली चादर दोरीवर कितीही टांगा, हाताला दमटच लागणार. तर मे महिन्यात, ऊन कडक असतानाच, आम्ही अख्खी केबिन गोड्या पाण्याने धुतो, छतसुद्धा. टँकरचं पाणी विकत घ्यावं लागतं, दादा कुरकुरतो, पण इथे काटकसर करायचीच नाही. स्टोव्हच्या मागच्या भिंतीवर फोडणीचा आणि डिझेलचा चिकट थर असतो, तो गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन खरवडून काढायचा, कारण बुरशीला ओल तर मिळणारच आहे, निदान खायला तरी काही मिळू नये.

(गंमत म्हणजे लाकडी बोटीच्या सांगाड्याला मीठ चालतं, उलट गोडं पावसाचं पाणी साचलं की लाकूड कुजतं. त्यामुळे नुसतं धुऊन सोडायचं नाही, तळात एक तांब्याभर पाणीसुद्धा ठेवायचं नाही. बोट जमिनीवर ओढलेली असेल तर नाळ (बोटीचं पुढचं टोक) जरा उंच ठेवून मागचं बूच काढून ठेवायचं, चुकून पाणी आलंच तर निघून जातं.)

मग सामान. गाद्या, चादरी, वायरलेस, जीपीएस, बॅटऱ्या सगळं घरी. एकवीरा आईचा फोटोपण घरी येतो, काचेच्या आत एकदा बुरशी शिरली की तो फोटो गेलाच समजा. लाइफ जॅकेटं ढीग करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, एकेक सुटं टांगायचं. पायाखालच्या फळ्या उचलून उभ्या करून ठेवायच्या, कपाटाची दारं उघडी बांधून ठेवायची.

शाकारणीत आम्ही आता मधोमध आडवा बांबू घालून दोन्हीकडे उतार काढतो, ताडपत्री लाकडाला कुठेच टेकत नाही, आणि नाळेकडे नि मागे तोंड उघडं सोडतो, फक्त झडीच्या बाजूला जरा खाली ओढलेलं. बाबा हसतात, म्हणतात आम्ही माडाची झापं घालायचो तेव्हा हे सगळं आपोआप व्हायचं, पाणी निथळून जायचं आणि वारा आरपार. प्लास्टिक आल्यावर एकदा शेजारची घट्ट बांधलेली बोट बघून त्यांनी त्या नाखव्याला (बोटमालकाला) विचारलेलं, अरे बोट शाकारलीस का गळा दाबलास तिचा?

केबिनचं दार मात्र आम्ही कायम उघडं ठेवत नाही. उघडीप मिळाली, दुपारचं ऊन आलं की जाऊन सगळं उघडायचं, संध्याकाळ व्हायच्या आत बंद. स्वस्तातला आर्द्रतेचा मीटर आत टांगलाय, बाहेरच्यापेक्षा आतला आकडा जास्त दिसला की उघडायचं, एवढा साधा हिशोब. आता हवेतली ओल ओढणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडबद्दल. ते दुकानात छोट्या डब्यांत महाग मिळतं, मस्जिद बंदरच्या केमिकलवाल्यांकडे सुटं घेतलं तर परवडतं. भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात भरून खाली दुसरा डबा, ते पाणी ओढत ओढत स्वतःच विरघळतं. पण उघड्या केबिनमध्ये ठेवून काही उपयोग नाही, अख्ख्या अरबी समुद्राची हवा सुकवायला बसेल ते. चार्ट आणि कागदपत्रांच्या बंद पेटीत, औषधांच्या कप्प्यात, तिथे मस्त काम करतं. खाली जमलेलं पाणी लोखंडाला लागू द्यायचं नाही, गंज धरतो. कापूर बरेच जण ठेवतात, वास चांगला येतो, बाकी ओल काही तो ओढत नाही.

एवढं करूनही थोडी बुरशी येतेच. सनमायका, फायबरवर असेल तर पातळ ब्लीच चालतं. लाकडावर ब्लीचने वरचा रंग जातो आणि मुळं आतच राहतात, तिथे साबणाच्या पाण्याने घासून, नीट सुकवून मग व्हिनेगर. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच नाही, क्लोरीन वायू निघतो आणि केबिन केवढीशी असते. तोंडाला मास्क, दार उघडं, आणि कोरडी बुरशी झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, नाहीतर सगळीकडे पसरते.

खालच्या बंकच्या मागची प्लायवूडची पाठ अजून दगा देते. ती थेट बोटीच्या अंगाला चिकटून ठोकलेली आहे, मागे हाताचं बोट शिरेल एवढीपण जागा नाही. मी म्हणतो येत्या मेमध्ये ती काढून लाकडी पट्ट्या मारूया, मध्ये फटी ठेवून. दादाचं म्हणणं फटीतून झुरळं येतील. सुताराला तर बोलावलंय.