नवी मुंबई-ठाण्यात गाडीतच तीन रात्री: फुकट मुक्काम कुठे जमला, कुठे नाही

साताऱ्याहून निघताना सासूबाईंनी एकच अट घातली होती, रात्री उठावं लागलं तर चार पावलांवर संडास पाहिजे. तीन रात्रींच्या आमच्या जागा या अटीनेच ठरल्या. आता वाटतं, घरच्या गाडीत झोपून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने जागा याच मापाने निवडावी. बाकीच्या गोष्टी मागून येतात.

आमची गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. मागच्या सीटा काढून तीन जणांचे बिछाने, एक छोटा ओटा, छपरावर सोलर. पॅनल धरून उंची नऊ फूट. या बदलाची आरसीवर नोंद करून घेतली आहे आणि ती करून घेतलेली बरी, का ते पुढे येईलच. फेब्रुवारीत फ्लेमिंगो बघायला निघालो होतो.

एक्सप्रेसवेवर कडेला थांबायला मनाई आहे आणि अंधारात ते जिवावरचंही आहे. म्हणून आम्ही खालापूरला उतरून जुन्या हायवेने चौकमार्गे पळस्प्याकडे आलो. या रस्त्याला पंप आणि ढाबे भरपूर. जिथे आठ-दहा ट्रक आधीच झोपलेले दिसले, त्या पंपावर वळलो. ट्रकवाले रोजचे लोक, जागा सुरक्षित नसेल तर ते थांबत नाहीत. आधी डिझेल भरलं, मग ह्यांनी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "थांबा की काका. फक्त त्या भिंतीला नाक लावून लावा. पहाटे टँकर येतो, त्याला वळायला जागा लागते." आणि लगेच पुढे, "गॅस पेटवायचा नाही हं."

हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून गाडीत चिकटवा. पंपाच्या आवारात शेगडी, अगरबत्ती, डासांची कॉइल, काहीही नाही. आम्ही घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती, चहा सकाळी पुढे जाऊन केला. संडास मात्र गाडी लावायच्या आधीच बॅटरी घेऊन बघून यावा. पाणी आहे का, कडी लागते का, आत दिवा आहे का. पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा मोफत मिळणं हा आपला हक्क आहे, पण रात्री दोन वाजता कुलपाची किल्ली कोणाकडे असते, हे झोपायच्या आधी विचारलेलं चांगलं.

दुसरी रात्र आमच्या चुकीची. नेरूळला पाम बीच रोडच्या बाजूला एक मोकळी, शांत जागा दिसली. समोर खाडी, वर तारे, सकाळी उठलं की पक्षी. मी हट्टच धरला. साडेबाराला काचेवर टकटक झाली. गस्तीची गाडी होती. बोलणं नीट होतं, आरसी पाहिली, बदलाची नोंद पाहिली, "घरचेच लोक दिसताय, पण इथे नाही झोपता येणार, आत वस्तीत जा," म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. त्या रस्त्यावर रात्री गाड्या ज्या वेगाने जातात, ते गादीवर पडल्या पडल्याही जाणवत होतं. आणि संडास तर कुठेच नव्हता.

शेवटी ह्यांच्या मावसभावाला उठवलं. तो लुंगीवरच खाली आला, वॉचमनच्या वहीत सही केली, तेव्हा गेट उघडलं. कोणी नातेवाईक असेल तर यासारखी जागा नाही, पण दुपारीच फोन करा. सोसायटीत रात्रभर पाहुण्याची गाडी ठेवायला बहुतेक ठिकाणी सेक्रेटरीला सांगावं लागतं. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगांना खाली मोकळं अंगण असतं, तिथे आपली गाडी मावते. नव्या टॉवरच्या पोडियमात नऊ फुटी गाडी शिरत नाही. मॉलचंही तेच, उंचीचा आडवा दांडा आधी बघा.

सकाळी भरतीच्या वेळेला नेरूळच्या डीपीएस तलावावर गेलो. भरतीत खाडीचा चिखल बुडतो, मग पक्षी तलावात येऊन उभे राहतात. एका पायावर, मान पाठीत खुपसून, सगळा तलाव गुलाबी. सासूबाई कठड्याला धरून तासभर उभ्या होत्या, बसा म्हटलं तरी बसेनात. ओहोटीत आलात तर कदाचित रिकामं पाणीच दिसेल, म्हणून भरती-ओहोटीची वेळ बघूनच मुक्काम ठरवा. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातली बोटसुद्धा भरतीच्या वेळेप्रमाणेच सुटते.

ठाण्यात शहरात झोपायचा नाद करू नका. कित्येक रस्त्यांवर सम-विषम तारखेचं पार्किंग आहे. रात्री दहाला बरोबर बाजूला लावलेली गाडी बारा वाजून गेले की चुकीच्या बाजूची होते. येऊरचा विचार कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, बिबट्यांचं जंगल आहे. घोडबंदर रोडला रात्री अवजड वाहनांची रांग असते, तिथे कडेला डोळा लागत नाही.

आम्ही माजिवड्याहून नाशिक हायवेला लागलो आणि खारेगाव मागे टाकून माणकोलीच्या पुढे एका ढाब्यावर थांबलो. तिथे गोदामांचा पट्टा आहे, ट्रकचा राबता रात्रभर, म्हणून ढाबेही जागे. जेवण तिथेच केलं, बिल दिल्यावर विचारलं. जेवायच्या आधी विचारलं तर सौदा केल्यासारखं वाटतं, असं माझं मत. मालक म्हणाला, "आई आहेत ना बरोबर? मग मागे नको, इथे दिव्याखाली लावा."

झोपताना इंजिन चालू ठेवून एसी लावू नका. धुराचा विषारी वायू आत साचला तर वासही येत नाही. आमच्याकडे दोन बारीक पंखे आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना जाळी आहे, वारा आरपार जातो. जाळीला बोटभरही फट ठेवू नका, खाडीकडचे डास कपड्यातून चावतात. दारं आतून लावा, ११२ नंबर सगळ्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा, आणि वापरलेलं पाणी कुणाच्या अंगणात सोडू नका. आम्ही ते कॅनमध्ये साठवून संडासातच ओततो.

साडेसहाला निघालो, सातच्या पुढे माजिवड्याला अडकतो माणूस. ढाब्याच्या नळावर वीस लिटरचा कॅन भरून घेतला. पैसे पुढे केले तर मालकाने हात जोडले, आणि सासूबाईंनी उरलेल्या चार दशम्या त्याच्या हातात ठेवल्या.