सांगलीहून येऊन वाशीत नाटक

ठाण्याला आत्याकडे जायचं ठरलं की बॅग भरण्याआधी मी नाटकांच्या जाहिराती बघते. सांगलीच्या माणसाला हे कबूल करणं जरा जड जातं. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगवलं ते आमच्या गावात, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. म्हणून तर ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन. पण आजचा व्यवहार असा आहे की नवं व्यावसायिक नाटक उभं राहतं मुंबई-ठाणे-पुण्यात आणि आमच्याकडे येतं दौऱ्यावर, तेही नाव झालं तर. नाव झालं नाही तर ते कधी आलं नि कधी गेलं, आम्हाला पत्ताही लागत नाही.

त्यामुळे माझा नियम साधा आहे: जे सांगलीला येणारच आहे, ते ठाण्यात बघायचं नाही.

आत्याला हा नियम अजिबात पटत नाही. ती राहते नौपाड्यात, गडकरी रंगायतनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. १९७८ साली उभं राहिलेलं हे नाट्यगृह तिच्या घरचंच आहे म्हणा ना. नूतनीकरणासाठी ते बंद होतं तेव्हा ती चिडचिडी झाली होती, २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा उघडलं तशी माणसात आली. त्या शनिवारी रात्री तिथे एक गाजलेलं विनोदी नाटक होतं. टीव्हीवरचे ओळखीचे चेहरे, जाहिरातीत 'खास लोकाग्रहास्तव'. घोडबंदर रोडकडच्या काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात रविवारी सकाळी संगीत नाटक. आणि रविवारी दुपारी चारला, वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात, कोपऱ्यातली एक छोटी चौकट: दोनच पात्रं, तिसरा प्रयोग.

"अगं, गडकरी इथे हाकेच्या अंतरावर आणि तू मला वाशीला नेणार?"

"आत्या, ते विनोदी नाटक आमच्याकडे येणार गं. हे येणार नाही."

जाहिरात वाचायची माझी रीत सांगते. फोटो सोडून द्यायचे. आधी प्रयोगाचा आकडा बघायचा. दोनशेच्या पुढचं नाटक घोटून गुळगुळीत झालेलं असतं, कुठेही बघा, फार फरक नाही. दोन ते दहामधलं अजून ओलं असतं. मग लेखक-दिग्दर्शकाची नावं. ती शोधायला भिंग लागलं आणि नटाचा चेहरा निम्मी चौकट खात असेल, तर नाटक कशाच्या जोरावर उभं आहे ते कळतं. (यात वाईट काही नाही, फक्त आधी माहीत असलेलं बरं.) वेळही महत्त्वाची. पाहुण्यांसाठी रविवारी दुपारचा प्रयोग उत्तम. रात्री साडेआठचा प्रयोग सुटेपर्यंत परतीच्या गाड्यांचा अंदाज घ्यावा लागतो. घाणेकरला जायचं तर घोडबंदरच्या ट्रॅफिकसाठी वेळ राखूनच निघायचं. 'अश्रूंची झाली फुले'मधला 'लाल्या' गाजवणाऱ्या घाणेकरांच्या नावाच्या नाट्यगृहात उशिरा पोचून अंधारात लोकांच्या पायांवर पाय देत खुर्ची शोधणं बरं दिसत नाही.

ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरची लोकल सरळ आहे. ऐरोली, रबाळे, घणसोली करत अर्ध्या तासाच्या आसपास वाशी. रविवारी बसायला जागाही मिळते. स्टेशनवरून सेक्टर १६ पर्यंत रिक्षा. दारावर भाव्यांचं नाव बघून मला उगीचच माहेरी आल्यासारखं वाटलं. सांगलीतही त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर आहे आणि मी नाटक बघायला इतक्या लांब आले होते!

तिकिटं मुद्दाम मोबाइलवर काढली नव्हती. नव्या नाटकाला खिडकीवर गेलं की गर्दीचा खरा अंदाज येतो. खिडकीतल्या काकांनी प्लॅन पुढे सरकवला. मधल्या रांगा बऱ्याच मोकळ्या होत्या.

"काका, पाचवी-सहावी रांग?"

"मिळेल की. पण ताई, दोनच माणसं आहेत स्टेजवर, चेहरे बघायचे तर तिसरी घ्या."

घेतली. तिकीट देणाऱ्या माणसाने नाटक बघितलेलं असणं, ही चांगली खूण.

तिसरी घंटा झाली, पडदा गेला. हाउसिंग सोसायटीचं ऑफिस: लोखंडी कपाट, वर बांधून ठेवलेल्या फायली, कुलूप लावलेली तक्रारपेटी. निवृत्त सेक्रेटरी आणि रात्रपाळीचा वॉचमन. सेक्रेटरी एक फाइल झटकत म्हणतो, "सिडकोचं ट्रान्सफर झालंय का आधी, मग बोला." वाक्य साधं, पुढच्या संवादाकडे नेणारं. पण प्रेक्षागृह जे फुटलं! नवी मुंबईत बरीचशी जमीन सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, भाडेपट्ट्याने दिलेली. घर विकताना-घेताना सिडकोच्या हस्तांतराच्या कागदांमागे धावलेली माणसं खुर्च्याखुर्च्यांवर बसली होती. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तर मांडीवर थाप मारली. नटाला हे अपेक्षित नव्हतं. तो पुढचं वाक्य अर्धवट बोलून थांबला, फाइल पुन्हा एकदा झटकली, हशा ओसरू दिला आणि मग तेच वाक्य पहिल्यापासून घेतलं. वॉचमन झालेल्या नटाने तेवढ्यात कपाटाचं दार उघडून बंद केलं. दोघांनी मिळून ती जागा कशी सांभाळली ते तिसऱ्या रांगेतून स्वच्छ दिसलं. शंभराव्या प्रयोगात तिथे थांबा पक्का बसलेला असेल. आणि सांगलीत हे वाक्य आलंच तर कोणी हसणार नाही.

मध्यंतरात बटाटेवडा, चहा. वडा ठीक होता.

दुसरा अंक मात्र लांबला. वॉचमनच्या गावाकडच्या आठवणींत नाटक रुतून बसलं, प्रकाशयोजनाही तिथे उगाच निळी झाली. नाटकाचं नाव इथे देत नाही ते म्हणूनच. तालमी चालू असल्यासारखंच ते अजून बदलतंय, तिसऱ्या प्रयोगावरून शिक्का मारणं अन्याय होईल.

परतीच्या लोकलमध्ये आत्याने कात्री चालवायला घेतली. "तो बैलाचा प्रसंग सगळा काढा. आणि शेवटी तक्रारपेटी उघडायला नको होती."

"उघडली नसती तर लोक म्हणाले असते, मग ठेवली कशाला?"

"म्हणू दे ना!" कोपरखैरणेपासून ठाण्यापर्यंत हाच वाद. मला अजूनही वाटतं की पेटी उघडायलाच हवी होती, पण आतली चिठ्ठी वाचून दाखवायची गरज नव्हती.

घरी पोचल्यावर आत्याने चष्मा लावला आणि मोबाइलवर गडकरीच्या त्या विनोदी नाटकाचं पुढच्या शनिवारचं तिकीट काढलं. एकच.