क्रियापद शेवटच्या रांगेपर्यंत

शाळेच्या आठवणी या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत अनेकजण सांगतील. मी परिपाठाला आणि वक्तृत्व स्पर्धांना उभ्या राहणाऱ्या मुलांसाठी आवाजाविषयी लिहितो. या शाळेने लावलेली बोलण्याची गोडीच पुढे माझं काम झाली.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, बहुतेकदा नकारही तिथेच. आणि वक्त्याचा श्वास संपतो तोही तिथेच. ‘गावाने हा ठराव मान्य केला नाही’ यातला ‘नाही’ विरला, की मागच्या रांगेत नेमका उलटा अर्थ पोचतो. अशी चार वाक्यं हुकली की मागची मंडळी ऐकण्याचा नाद सोडून आपापसात बोलू लागतात. दोष त्यांना देऊ नये.

श्वास घेताना खांदे वर गेले, तर हवा वरच्यावरच राहते. तळवे कमरेच्या थोडे वर, बरगड्यांच्या कडेला ठेवा; श्वास घेताना ते बाजूला सरकले पाहिजेत. मग ‘स्स्स’ असा एकसारखा आवाज १५ सेकंद सोडा, आठवड्याभरात २० ते २५ पर्यंत न्या. सुरुवातीला जोरात आणि शेवटी थरथरत येत असेल, तर हवा आधीच उधळली जाते आहे. भाषणाच्या कागदावर श्वासाच्या जागी पेन्सिलने उभ्या रेघा मारा; दहा-बारा शब्दांपुढे एक श्वास ताणू नका. त्यानंतर प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोनच शब्द मोठ्याने म्हणा, मग पूर्ण वाक्य. शेवटी सूर खाली आला तर चालतं, तो येतोच. जोर उतरता कामा नये.

मागे ऐकू जावं म्हणून बरीच मुलं ओरडतात. ओरडलं की पट्टी चढते, गळा आवळतो आणि आवाज चिरका होतो. कुणाचं म्हणणं पटल्यावर आपण सहज ‘हं’ म्हणतो, ती आपली पट्टी. पहिलं वाक्य तिथूनच उचलावं.

‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ इथपासून लागणारा पाठांतराचा हेल हा माझ्या मते खरा शत्रू. पुढचं वाक्य कुठे चढणार, कुठे उतरणार हे कानाला आधीच कळतं आणि कान मिटतो. उपाय साधा आहे: तेच वाक्य शेजारच्या मित्राला गप्पांत सांगून पाहा आणि तोच सूर मंचावर न्या. आकडा किंवा नाव येण्याआधी क्षणभर थांबा. प्रश्न विचारलात तर मनात सावकाश एक-दोन म्हणा. गाडगेबाबा कीर्तनात प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडून घेत. आपली मुलं प्रश्न संपायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळी होतात.

माईक तोंडापासून अर्धी वीत, हनुवटीच्या पातळीला, किंचित तिरका. समोर धरला की ‘फ’, ‘भ’चा वारा त्यात धडकून फटफटतो. त्याच्या जाळीवर मूठ आवळू नका: मागून येणारा आवाज टाळण्यासाठी ठेवलेल्या फटी बंद होतात आणि माईक शिट्टी मारतो. स्पीकरच्या पुढ्यात उभं राहिलं तरी तेच. पत्र्याच्या छपराखाली शब्द घुमत असतील, तर आवाज वाढवून घुमणं वाढेल. वेग कमी करा.

बोलण्याआधी खाकरायची सवय वाईट, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. आवंढा गिळा किंवा घोटभर पाणी प्या. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो. त्यांना वीररसाची वरच्या पट्टीतली भाषणं देऊ नयेत, हे शिक्षकांसाठी. घसा बसलेला दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर काढ्यांवर न राहता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.